संत्र्यांनी संपवलेली हवा

लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, पण सासुरवाडीला मी एकटा कधी गेलो नव्हतो. या जानेवारीत पहिल्यांदा गेलो. बायको मुलीच्या परीक्षेमुळे पुण्यातच थांबली. तिच्या माहेरचं जेवण तिच्याशिवाय जेवायचं, या विचारानं नागपूर येईपर्यंत मला अपराधी वाटत राहिलं. हा माझा स्वभावच आहे. रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगता आला नाही, तरी ते मला दिवसभर टोचत राहतं. म्हणून आधीच सांगतो, या प्रवासात मी आयुष्यात हसलो नव्हतो इतका हसलो, आणि त्यातलं काही हसणं मला अजून पचलेलं नाही.

बॅगेत कपड्यांपेक्षा यंत्रं जास्त होती. मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. टाक्या, गटारं, तळघरं अशा कोंदट जागी माणूस उतरण्याआधी तिथली हवा तपासणं हे माझं काम. माझा मेहुणा प्रमोद याला ते ठाऊक असल्यानं त्याचा फोन आला होता. "भाऊजी, तुमची ते हवा मोजाची मशीन घेऊन या ना."

झालं होतं असं. सासर नागपूरच्या पुढे, मध्य प्रदेशातल्या सौसरला, आणि प्रमोदची संत्र्याची बाग तिथून जवळ बोरगावच्या बाजूला आहे. बागेमागच्या टेकडीत मँगनीजच्या जुन्या खाणीचा एक बोगदा आहे. खाण कधीच बंद पडली, बोगदा तसाच राहिला. यंदा फळ तोडणीला आलं आणि व्यापाऱ्यानं यायला उशीर केला. झाडावर ठेवलं तर गळतं, घरात ठेवलं तर सुकतं. प्रमोदच्या डोक्यात आलं की बोगद्यात बाराही महिने गारवा असतो. त्यानं दीडशे क्रेट संत्री आत नेऊन रचली. व्यापारी आता येणार होता, पण मधे एकदा प्रमोद आत जाऊन आला आणि दिवसभर त्याचं डोकं ठणकलं. क्रेट बाहेर काढायला तोडणीची माणसं आत जाणार होती. त्यांनी जावं की नाही, हे मला सांगायचं होतं.

सौसर

सौसरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा प्रमोद तर्री पोह्यांची प्लेट हातात धरूनच उभा होता.

"घ्या भाऊजी, थंडे होऊन राहिले."

"अरे, घरी जाऊनच खातो की."

"घरचं अलग, हे अलग."

लालभडक तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं आणि प्रवासाचा शीण पार उतरला. घरी पोचलो तर पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत आणि सांभारवडी तयार. सांभारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण पातळ पारीत गुंडाळून तळलेलं. ती खाताना बायकोची फार आठवण आली, पण मी थांबलो नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आमच्याकडे "नको" म्हटलं की वाढणारा पुढच्या पानाकडे जातो. इथे पहिला "नको" म्हणजे शिष्टाचार, दुसरा "नको" म्हणजे संकोच, आणि तिसऱ्यापर्यंत ताट भरलेलं असतं. जावयानं लगेच "हो" म्हणणं हावरटपणाचं, आणि यजमानानं जावयाचं लगेच ऐकणं त्याहून वाईट. जावयाला कोणी काही सांगत नाही, फक्त विचारतात. सासूबाई, म्हणजे मामीजी, तर माझ्याशी थेट बोलतसुद्धा नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो आणि त्या डोक्यावरचा पदर सावरत प्रमोदला म्हणतात, "जवाईबापूले विचार, भात वाढू का." मीही उत्तर प्रमोदलाच देतो. इतक्या वर्षांत आम्हा दोघांचं सगळं संभाषण भात, पोळी आणि तब्येत या तीन विषयांवर आणि तिसऱ्या माणसामार्फत झालेलं आहे.

जेवण झाल्यावर अंगणात तालीम ठेवली. माझ्याकडे चार वॉकीटॉकी होते. बोगद्याच्या तोंडाशी सासरे, म्हणजे मामाजी बसणार होते. मामाजी इतके नम्र आहेत की गाईला वाटेतून सरकवायचं तरी आधी तिला "थोडं बाजूले होता का" म्हणतात. मी तुळशीमागे उभा राहिलो, ते ओसरीवर.

"हॅलो. नमस्कार जवाईबापू. प्रवास बरा झाला ना? ओव्हर."

"मामाजी, नमस्कार नको. मी हवेचा आकडा सांगेन, तोच तुम्ही परत म्हणायचा. वीस पॉइंट नऊ. ओव्हर."

"वीस पॉइंट नऊ. भल्लं साजरं. च्या घेता का थोडा? ओव्हर."

प्रमोद पोट धरून ओसरीवर लोळला. मी मात्र गंभीरपणे नियम समजावले. चांगल्या हवेत प्राणवायू वीस पॉइंट नऊ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की यंत्र ओरडतं आणि माणसानं माघारी फिरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निर्णय बाहेरच्यानं घ्यायचा. खराब हवेत माणसाची अक्कल आधी जाते, आणि ती गेलीय हे त्याचं त्याला कळत नाही. म्हणून बाहेरचा "निघ" म्हणाला की आतल्यानं निघायचं, वाद नाही.

मामाजींचा चेहरा पडला. "म्हंजे मी तुमाले निघा म्हनू?"

"हो."

"जवाईले? माह्याच वावरातून?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. तिथेच थांबून मी हा प्रश्न सोडवायला हवा होता.

पांढुर्णा आणि सावरगाव

दोर आणि बॅटऱ्या घ्यायला पांढुर्ण्याला गेलो. प्रमोदची सासुरवाडी जाम नदीच्या पलीकडे सावरगावला, त्यामुळे तिथे न जाता परतणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, नदीच्या दोन काठांवरून वॉकीटॉकी तपासून घ्यावेत. मी पांढुर्ण्याच्या बाजूला थांबलो, प्रमोद पुलावरून पलीकडे गेला.

"प्रमोद, ऐकू येतंय का? ओव्हर."

यंत्रातून उत्तर येण्याआधी नदीवरूनच आलं. तो इतक्या जोरात ओरडत होता की यंत्राची गरज नव्हती. काठावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "काय करून राहिले भाऊ? गोटमारीची तयारी आतापासूनच?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं याच नदीपात्रात रोवलेला झेंडा पळवण्यासाठी एकमेकांवर दगड मारतात, हे मला माहीत होतं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "सावरगाववाले मोबाइलवर नेम धरतीन आता. तरी झेंडा आमचाच." पलीकडून कोणीतरी त्याला तितक्याच प्रेमानं काहीतरी ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही.

मग सावरगावात गेलो. सौसरला मी जसा, तसा इथे प्रमोद. चार उशांना टेकून बसला आणि वॉकीटॉकीवरून आतल्या खोलीतल्या मेहुणीला लाडवांची मागणी करू लागला. बॅटरी संपत चालली होती. मी खुणावलं, त्यानं पाहिलं नाही. त्याच्या सासऱ्यांना मी हळूच म्हटलं, "जरा त्याला थांबवा ना." ते घाबरून म्हणाले, "आमी कसं म्हनू? जवाई हाय तो." बॅटरी संपली तेव्हा कुठे प्रमोद थांबला. परतताना गाडीत आम्ही दोघं त्यावर इतके हसलो की एका वळणावर बैलगाडीला धडकता धडकता वाचलो.

जामसांवली

मामाजींचा आग्रह होता की बोगद्यात शिरण्याआधी जामसांवलीला मारुतीचं दर्शन घ्यायचं. शनिवार होता, गर्दी मोठी. पिंपळाखाली आडवा पहुडलेला तो मारुती पाहिला की माझ्यासारख्या चिंतातुर माणसालाही हायसं वाटतं. परतताना कोळशाच्या शेगडीवरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. माझ्या खिशातलं हवा मोजायचं यंत्र एकदम किंचाळायला लागलं. धुरातला विषारी वायू त्यानं टिपला होता. टपरीवाला आधी दचकला, मग खूश झाला. "पाहा, मशीनबी सांगून राहिली, च्या कडक हाय!" लोकांनी यंत्राला हात लावून नमस्कार केला. एका बाईनं आपल्या नातवाच्या छातीवर ते ठेवून "याची हवा पाहा" म्हटलं. मी ठेवलं. वीस पॉइंट नऊ. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

बोगदा

बोगद्याच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा शालूबाई आधीच दगडावर बसल्या होत्या. तोडणीची माणसं त्या आणतात. पलीकडच्या वस्तीतल्या. "जय भीम भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आडवळण न घेता विचारलं, "माह्या दोन्ही सुना जातीन आत. जाऊ देऊ का नाही, ते सांगा मले."

"आज मी बघून येतो, मग सांगतो."

मामीजीही आल्या होत्या, चहाची किटली घेऊन. त्या मामाजींच्या शेजारी पदर सावरून बसल्या.

प्रमोद आणि मी आत गेलो. भिंती काळ्याकुट्ट, हात लावला की काजळी लागावी तसा रंग लागतो, पण टॉर्चच्या झोतात मधेच चांदीसारखं चमकतं. छताला वटवाघळं. हवा उत्तम, वीस पॉइंट आठ. मामाजींचा आवाज वळणापाशी खरखरला आणि मेला. हे अपेक्षित होतं. रेडिओच्या लहरी सरळ जातात, खडकातून वळत नाहीत. म्हणून वळणावर प्रमोदला उभं केलं, दोन यंत्रं देऊन. एकावर बाहेर मामाजी, दुसऱ्यावर आत मी. बाहेरचं मला सांगायचं, माझं बाहेर सांगायचं. माझ्या कमरेला दोर, त्याचं टोक त्याच्या हातात.

वळणापलीकडे प्रमोदनं ताडपत्री लावून तिच्या कडा चिखलानं लिंपल्या होत्या. "साळिंदर शिरते ना भाऊजी, एकदम फिट केली." मी एक कोपरा सोडवला. आतून संत्र्यांचा असा दरवळ आला की मला लहानपणी कधी नव्हता इतका आनंद झाला. पुढे जमीन उताराची होती. दोन्ही बाजूंना क्रेटच्या भिंती, आणि टॉर्च फिरेल तिथे केशरी दिवे लागल्यासारखी फळं.

"वीस पॉइंट एक." "एकोणीस पॉइंट सात." प्रमोद ऐकत होता, सांगत होता. मग यंत्र ओरडलं. एकोणीस पॉइंट चार.

तेव्हाच फिरायला हवं होतं. मी शेकडो माणसांना हेच शिकवलं आहे. पण मागच्या रांगेपाशी जमीन घट्ट आहे का, हे शालूबाईंना सांगायचं होतं, आणि ती रांग समोर दिसत होती. मी बटण दाबून यंत्राचा आवाज बंद केला आणि पुढे उतरलो. हे एवढं वाक्य लिहायचं टाळण्यासाठीच मी वरती चहाच्या टपरीबद्दल इतकं लिहिलं.

पुढचं मला स्वच्छ आठवतं, आणि तेच भयंकर आहे. श्वास भरभर चालू झाला, कान गरम झाले, आणि सगळं अतिशय गमतीदार वाटू लागलं. क्रेटच्या रांगा पंगतीला बसलेल्या वऱ्हाड्यांसारख्या दिसत होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कशाचंही अपराधी वाटत नव्हतं! बायकोचं नाही, ऑफिसचं नाही, कोणाचंच नाही. मी एक संत्रं सोलायला घेतलं आणि परीक्षेतले गुण सांगावेत तसा ओरडलो, "सतरा पॉइंट आठ!"

"बाबा म्हनते, सतरा पॉइंट आठ," प्रमोदचा आवाज आला. "बाबा विचारून राहिले, हे जरा कमी नाही का?"

"छे! मस्त आहे!"

मग प्रमोद म्हणाला, "भाऊजी, बाबा म्हनते च्या तयार हाय."

मामाजींना "निघा" म्हणायचं होतं. ते तोंडातून निघत नव्हतं, म्हणून त्यांनी चहाला बोलावलं. आणि माझी अक्कल गेली असली तरी रीत गेली नव्हती.

"नको नको," मी म्हटलं. "आत्ताच झाला."

"बाबा म्हनते, थोडासा."

"नको रे, खरंच."

"बाबा म्हनते, अद्रक टाकून केला."

मला वाटलं, अजून एकदा नको म्हणावं आणि मग शोभेल असं निघावं. या विचारानंच मला हसू फुटलं. थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी त्या अंधारात हसत होतो.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. प्रमोदनं वडलांना सांगितलं, "बाबा, भाऊजी भल्ले हसून राहिले." मामाजी हसून म्हणाले, "हसू दे, खुश दिसते." मामीजी शेजारी ऐकत होत्या. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"कोन हसून राहिलं? जवाईबापू? स्वतःच्या लग्नात नाही हसला तो मानूस. याले काहीतरी झालं!"

आणि त्यांनी मामाजींच्या हातातून यंत्र हिसकावलं. त्या जे बोलल्या ते प्रमोदला आपल्या तोंडानं मला सांगवेना. त्यानं शहाणपणा केला. बाहेरच्यांशी बोलायचं यंत्र माझ्याशी बोलायच्या यंत्राच्या तोंडाला चिकटवलं आणि माझ्या बाजूचं बटण दाबून धरलं. अंधारात माझ्या छातीवर गर्जना झाली.

"अबे ए बयताडा! निघ बाहेर! आत्ताच्या आत्ता निघ! पम्या, वढ दोर!"

मी उठलो. कळलं म्हणून नाही. त्या आवाजाला कोणीही उठलं असतं. दोराला हिसका बसला, मी एका क्रेटवर आदळलो, संत्री उतारावरून गडगडत गेली आणि मी धडपडत वर. ताडपत्रीबाहेर पडल्यावर प्रमोदनं काखेत हात घालून मला उन्हात आणलं. गवतावर पडलो तेव्हा डोक्यात घण पडत होते. उलटी झाली. शालूबाईंनी तोंडावर पाणी मारलं.

जरा भानावर येऊन पाहतो तर मामीजी दिसेनात. त्या एका संत्र्याच्या झाडामागे तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. मामाजी निरोप घेऊन आले. "ती म्हनते, चुकी झाली. येडा म्हनलं जवाईले, तोंडातून गेलं."

"चूक त्यांची नाही," मी म्हणालो, आणि बटणाचं सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं, आता कोणीतरी रागावेल. पण मामाजी हात जोडून म्हणाले, "माही चुकी हाय. मले निघा म्हनताच नाही आलं." प्रमोद म्हणाला, चूक त्याची, त्यानं ताडपत्री फार फिट केली. माझी चूक माझ्या पदरात घालायला त्या घरात कोणी तयारच नव्हतं. शेवटी शालूबाईंनी घातली.

"सांगू का भाऊ? मशीन तुमची, नियम तुमचा, अन् बटन तुमीच दाबलं. माह्या सुना आत जातीन तवा कोन दाबन?"

त्या प्रश्नानं मला उलटीपेक्षा जास्त बरं वाटलं.

कूलर

हवा का बिघडली, हे मी ओसरीवर समजावलं. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते आपल्यासारखाच श्वास घेतं. प्राणवायू संपवतं आणि जड, वाईट हवा सोडतं. ती उतारावरून खाली जाऊन साचते. बोगदा लिंपून बंद केला, आत हजारो फळं, आणि ती तीन आठवडे श्वास घेत राहिली.

प्रमोदनं डोक्याला हात लावला. "म्हंजे मी एवढ्या लोकायले कोंडून ठेवलं!"

आता ताजी हवा आत ढकलायची होती. प्रमोदला ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर आठवला, पण ट्रॅक्टरचा धूर आत गेला तर पहिल्याहून वाईट. तेव्हा मामीजींनी प्रमोदला सांगितलं, "जवाईबापूले विचार, कूलर चालन का."

वऱ्हाड काय आणि सौसर काय, घर असो वा दुकान, कूलर असतोच, आणि हिवाळ्यात तो माळ्यावर असतो. दुसऱ्या सकाळी भर थंडीत बोरगावच्या रस्त्यानं कूलरची मिरवणूक निघाली. बैलगाडीवर तीन, मोटारसायकलवर आडवा धरलेला एक, आणि एक मामाजींच्या डोक्यावर. वाटेत जो तो विचारी, "काऊन बापा, उन्हाया लागला का?" प्रमोद सांगे, "संत्र्यायले गरम होऊन राहिलं!"

शालूबाईंच्या बायकांनी प्लास्टिकच्या ताडपत्र्या दाभणानं शिवून लांबच लांब बाही तयार केली, आत हत्ती मावेल अशी. तिचं एक तोंड कूलरांना बांधलं, विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवरून लाइन घेतली. कूलर घरघरले आणि ती बाही अजगर जेवल्यासारखी फुगत बोगद्यात शिरली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मीही वाजवल्या. बांबूनं तिचं तोंड हळूहळू पुढे सरकवत नेलं, आणि दुसऱ्या बांबूच्या टोकाला यंत्र बांधून जमिनीलगतची हवा मोजत राहिलो. या वेळी यंत्राचा आवाज बंद करायच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली होती. संध्याकाळपर्यंत उताराच्या तळाशीसुद्धा वीस पॉइंट सात.

एकच प्रश्न उरला. बाहेर कोण बसणार?

मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी मामीजींकडे पाहिलं. शालूबाई म्हणाल्या, "इच्याशिवाय दुसरं कोनी बसन तर माही मानसं नाही जात." मामीजी बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग प्रमोदला म्हणाल्या, "सांग त्याहिले, बसीन मी. पन मंग मी कोनाचंच ऐकनार नाही."

संत्री बाहेर येतात

क्रेट काढायचा दिवस म्हणजे लग्नघरासारखी धांदल. मी वळणावर दोन वॉकीटॉकी आणि हवेचं यंत्र घेऊन, प्रमोद आत, शालूबाईंची माणसं जोडीजोडीनं, आणि तोंडाशी खाटेवर मामीजी. त्यांनी पहिल्या तासातच "ओव्हर" काढून टाकलं. त्यांचं बोलणं झाल्यावर पुढे कोणी काही बोलत नसे, त्यामुळे गरजही नव्हती.

"सीमा, दुसरी खेप झाली तुही. बाहेर बस जराशी."

"दमली नाही ना मामी," शालूबाईंची थोरली सून आतून म्हणाली.

"मी विचारलं नाही."

आत हशा. एकजण क्रेट उचलता उचलता गाणं म्हणायला लागला, तर तोंडाकडून मामीजींचा आवाज, "गानं बंद, श्वास घे!" मी एकदा हसलो, तर तत्काळ यंत्रातून माझा आकडा मागितला गेला. मी सांगितला. वीस पॉइंट सात. "बरं मंग, हस," त्या म्हणाल्या.

दुपारी लाइन गेली.

कूलर थांबले. बाही सुस्कारा टाकून जमिनीवर बसली. आत चौघं होती. त्यांत शालूबाईंच्या दोन्ही सुना आणि प्रमोद. शालूबाई उठून तोंडाशी आल्या. मी यंत्राकडे पाहिलं, वीस पॉइंट सहा. धोका काही नव्हता, निदान लगेच नव्हता. मी तसं म्हणणार होतो.

"सगळे बाहेर," मामीजी म्हणाल्या.

आतून धाकट्या सुनेचा आवाज आला. "हा एक क्रेट घेऊन येतो."

"क्रेट ठेव! हात रिकामे, अन् बाहेर!"

वळणावरून मी त्यांना जाताना पाहिलं. आधी सीमा, मग धाकटी, मग तो गाणारा, मग प्रमोद, रिकाम्या हातानं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. मी शेवटी निघालो. बाहेर ऊन इतकं लख्ख होतं की सगळे डोळे मिटून उभे राहिले. मामीजींनी बोट दाखवत एकेकाला मोजलं. शालूबाईंनी सुनांच्या गालांना हात लावून पाहिला, ताप पाहावा तसा.

आत पाच-सहाच क्रेट राहिले होते. प्रमोद हळूच म्हणाला, "आई, एक खेप..." मामीजींनी नुसतं पाहिलं, त्यानं उचललेला पाय मागे घेतला. तेव्हा तोंड उघडलं ते मीच. सुरक्षा अधिकारी असून मी म्हणालो, की हवा अजून चांगली आहे, मी स्वतः जातो, दहा मिनिटांचं काम आहे, फळं उगाच वाया जातील. हे बोलताना मनात काय होतं ते सांगतो. मला त्या दिवशीची चूक भरून काढायची होती.

मामीजींनी प्रमोदकडे पाहिलं नाही. मामाजींकडेही नाही. पदर खांद्यावर होता, डोक्यावर घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

"नाही," त्या मला म्हणाल्या.

त्या घरात जावयाला असं कोणी कधी म्हटलेलं नव्हतं. मामाजी खाली पाहू लागले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच गवतावर बसलो. माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं. प्रमोद आणि दोघंजण बाभळीचे फाटे ओढत बोगद्याच्या तोंडाशी रचायला लागले. आत उरलेली संत्री साळिंदराला. शालूबाईंच्या सुना बाहेरच्या ढिगातली फळं सोलून एकमेकींवर साली फेकत होत्या. मामीजींनी वॉकीटॉकीचं बटण फिरवून तो बंद केला, किटली उचलली, आणि कोणालाही न विचारता सगळ्यांच्या हातात चहाचे पेले दिले.